कर्दमींची नवी आवृत्ती

आमच्या त्या खेळाबद्दल कोणाला सांगायला बसलं की पहिला अर्धा तास खेळ म्हणजे काय हे समजावण्यातच जातो, आणि ऐकणारा शेवटी विचारतो, 'पण जिंकतं कोण?' जिंकत कोणीच नाही. एकजण पुस्तक घेऊन बसतो आणि गोष्ट सांगतो: तुम्ही अमुक शहरात आहात, समोर दार आहे, दारामागून आवाज येतोय. बाकीचे आपापला एकेक गडी घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि सांगतात, मी दार उघडतो, मी पळतो, मी ओरडतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा, बोराएवढा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर भोगा आपल्या कर्माची फळं. बस, एवढंच. आणि या एवढ्याशावर आम्ही तिघांनी जळगावच्या उन्हाळ्यातले कितीतरी रविवार घालवले, तेही अशा वयात जेव्हा आमच्या वर्गातली शहाणी पोरं टॉकीजच्या रांगेत घाम गाळत होती.

तिघे म्हणजे एक डॉक्टरांचा मुलगा, एक असोद्याच्या केळीच्या बागायतदाराचा मुलगा आणि मी. पुस्तक डॉक्टरांच्या मुलाचं. त्याच्या अमेरिकेतल्या मामाने आणलेलं. मामाची समजूत अशी की त्यामुळे भाच्याचं इंग्रजी सुधारेल. पुस्तक त्याचं, गच्चीवरची खोली त्याची, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर त्याचा, आणि गोष्ट सांगणाराही तोच, म्हणून त्याला आम्ही मालक म्हणायचो. तो चिडायचा आणि तरी ओ द्यायचा. असोद्याचा एस.टी.ने यायचा. येताना केळीच्या वेफर्सची पिशवी आणायचा आणि आम्ही हात घालेपर्यंत अर्धी स्वतःच संपवायचा. त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं आणि आवाज आम्हा दोघांच्या बेरजेहून मोठा. खेळात तो पुजारी होता. जखमा भरायचा, भुतं हाकलायचा, आणि मंत्र म्हणून घरच्या पूजेतलं जे काय अर्धवट कानावर पडलं असेल ते ठोकून द्यायचा.

मी मेहरूणकडून सायकलवर यायचो. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई धुळ्याकडची. बैठकीत भिंतीवर बुद्धाची तसबीर. एवढं सांगितलं की आमच्या गावात पुढचं काही सांगावं लागत नाही. लोक मान हलवतात, 'हां हां' म्हणतात आणि विषय बदलतात. ते 'हां हां' मला लहानपणापासून पाठ आहे. आजही ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पुस्तकातलं जग मोठं होतं, पण आम्ही त्यातल्या एकाच शहरात मुक्काम ठोकला होता. त्याचं इंग्रजी नाव आमच्या जिभेला पेलेना, म्हणून आम्ही त्याला नुसतं शहर म्हणायचो. त्याला तटबंदी होती, मधोमध मंदिर, मंदिरात एक झरा, आणि त्या झऱ्यातून सगळ्या शहरात पाणी खेळवलेलं. या शहरात नाना प्रकारचे लोक राहायचे: माणसं, बुटके, लांब कानांचे, आणि दलदलीतून आलेले एक लोक, ज्यांच्या बोटांना बदकासारखी कातडी असते आणि जे पाण्याखाली बराच वेळ राहू शकतात. मालकाला संस्कृतात पैकीच्या पैकी मिळायचे, त्याने त्यांना नाव दिलं कर्दमी. पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम एक परिच्छेद होता. हे लोक मेहनती असतात, शहरात सगळ्यांसारखेच राहतात, वाटेल तो धंदा करतात आणि नगरसभेत त्यांची एक खुर्ची असते. संपलं.

मी माझा गडी कर्दमी घेतला. का घेतला, हे मला पुढे अनेकदा स्वतःला विचारावं लागलं, म्हणून इथे साफ सांगतो: मला पोहता यायचं. मेहरूणच्या तलावात मी दम धरून इतका खोल जायचो की काठावरची पोरं घाबरून हाका मारायला लागायची. पाण्याखाली राहणारा गडी दिसला आणि मी म्हटलं, हा माझा. त्यात दुसरं काही नव्हतं. माझ्या गड्याला एक नावही होतं. ते मात्र इथे लिहीत नाही.

तीन वर्षं मी त्या गड्याच्या पाठीवर बसून त्या शहरात हिंडलो. आधी तो पाटाचा गाळ काढणारा होता, मग पाटकरी झाला, मग एका पुरात त्याने खालची पेठ वाचवली आणि नगरसभेने त्याला बोलावून खुर्चीवर बसवलं. शहराचं पाणी आता त्याच्या हाती. त्या सभांत आम्ही जे भांडायचो! असोद्याच्या पुजाऱ्याला मंदिरासाठी जास्त पाणी पाहिजे, मी म्हणायचो, देवाला एवढं पाणी काय करायचंय, त्याला काय केळी लावायची आहेत? तो मला नास्तिक, हलकट, गाढव, जे तोंडाला येईल ते म्हणायचा. मालक वरचेवर तोंडं सांभाळायला सांगायचा, आणि खालून त्याची आई ओरडायची की पेशंट झोपलेत.

त्या दोघांना माझी जात माहीत नव्हती असं नाही. जळगावात कोणाला कोणाची माहीत नसते? कॉलेजात शिष्यवृत्तीच्या यादीपुढे उभा राहिलो की मागचे दोघे-तिघे एकदम गप्प होतात, हे तेही बघत होते. पण गच्चीवरच्या त्या खोलीत ते कधी आलं नाही. तिथे मी कर्दमी होतो, आणि कर्दमी म्हणजे पाण्यातला वाघ. आठवडाभर मी कॉलेजात जपून बोलायचो, जपून हसायचो. रविवारी जिना चढला की खांदे आपोआप खाली यायचे. मला ती एकच जागा होती, आणि ती राहावी एवढंच मला हवं होतं.

मग मामाने नवीन आवृत्ती पाठवली.

जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं. जुनं पुस्तक त्याच्यापुढे रेशनच्या कार्डासारखं दिसायला लागलं. मालकाने आठवडाभर ते कोणाला दाखवलं नाही, आणि मग एका रविवारी मांडीवर घेऊन बसला. मला आणि असोद्याच्याला वाटलं, नवीन नियम असतील, नवीन राक्षस असतील. होते. पण जगही बदललं होतं. नद्यांच्या वाटा बदलल्या होत्या, एक राज्य गायब होतं, दोन देव एकात मिसळले होते. मालक वाचून मराठीत सांगत होता आणि आम्ही 'आयला', 'हॅत्' करत होतो. मग तो म्हणाला, "आता कर्दमी. तुझ्या लोकांवर तर पूर्ण दोन पानं आहेत."

मी सरसावून बसलो. खरंच सांगतो, मला अभिमान वाटला. दोन पानं!

तो वाचायला लागला. पहिल्या युगात कर्दमींच्या मूळपुरुषाने मंदिराच्या झऱ्यात विष कालवलं. देवीने शाप दिला. तेव्हापासून त्यांची नियत जन्मतःच हीन असते. ते तटाच्या आत राहत नाहीत, बाहेर दलदलीत राहतात. दिवसा कामापुरते आत येतात आणि गाळ काढून परत जातात. त्यांचा हात लागला तर झऱ्याचं पाणी गढूळ होतं, म्हणून मंदिराच्या आवारात त्यांना मज्जाव आहे. मधेच कुठेतरी मालकाचा आवाज मंदावला. काय वाचतोय ते त्याच्या लक्षात आलं होतं. पण वाक्य सुरू झालं होतं, आणि तो हुशार विद्यार्थी होता, अर्ध्यात सोडणं त्याला जमत नव्हतं. त्याने शेवटपर्यंत वाचलं.

 पुस्तक लिहिणारा कोण कुठल्या थंड गावातला गोरा माणूस. त्याने ना जळगाव पाहिलं असेल, ना आमच्या आजोळची नदी, जिच्यावर आईच्या लहानपणी वरच्या अंगाला एकांनी भरायचं आणि खालच्या अंगाला दुसऱ्यांनी. त्याला गोष्टीत जरा मसाला हवा असेल, एवढंच. पण माणसाला कोणालातरी बाहेर ठेवायचं असलं की पहिल्यांदा पाणीच कसं सुचतं? आणि सातासमुद्रापलीकडेही तेच कसं सुचतं?

"म्हणजे तुझा गडी आता सभेत बसू शकत नाही," मालक म्हणाला. नजर पुस्तकातच होती.

"आजवर बसला की," मी म्हटलं.

"नवीन पुस्तकाप्रमाणे तो बसलाच नव्हता. इथे लिहिलंय, हे आधीपासून असंच होतं."

"आणि पूर? खालची पेठ?"

"ती दुसऱ्या कोणी वाचवली असेल."

तो वाईट मुलगा नव्हता. तेच तर अवघड आहे. त्याच्या घरात छापलेल्या शब्दाला मान होता. पंचांगात असेल ते खरं, पाठ्यपुस्तकात असेल ते खरं, आणि नवीन आवृत्ती आली की जुनी रद्दीत. गणिताच्या गाइडचं तसंच असतं, मग याचं का नसावं? त्याला माझ्या गड्याला काढायचं नव्हतं, त्याला फक्त नियम पाळायचे होते. नियम पाळणाऱ्या माणसांनीच मला आयुष्यात सगळ्यात जास्त छळलं आहे.

माझा चेहरा पडला असणार. असोद्याच्याने तो पाहिला, आणि त्याला माझी दया आली. तो होताच तसा, कोणाचं तोंड उतरलेलं त्याला बघवायचं नाही.

"अरे, मी पुजारी हाये ना!" तो उठलाच. "कायले तोंड पाडून बसला? मी करतो तुले शुद्ध. मंत्र म्हनतो, पानी शिंपडतो, का आलाच तू आत. देवीले मी सांगतो, हा आपला मानूस हाये."

आणि त्याने खिडकीतल्या तांब्यात बोटं बुडवली. खेळात आम्ही सगळं करूनच दाखवायचो. तलवार म्हणजे फूटपट्टी, ढाल म्हणजे वही. तो गुणगुणायला लागला, ते घरच्या सत्यनारायणातलं काहीतरी होतं, आणि हसत हसत त्याने माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा. मालकही हसला, सुटल्यासारखा. उपाय सापडला होता ना.

पाणी थंडगार होतं. भुवईवरून गालावर आलं. मला आठवतंय की मी ते पुसलं नाही. मी उठलो, चप्पल घातली, आणि जिना उतरलो. सायकलचं कुलूप मला काही केल्या उघडेना. संतापाने रडू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी आईने ओलं डोकं आणि लाल डोळे पाहिले. तिला खेळ कधी कळला नव्हता, पण त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, अगदी दोन पानांसकट. ती ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खेळ शे ना रे तो? मंग खेळमा बी तुलेच भाईर काढं का त्यासनी?" पुन्हा निवडायला लागली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आनि तू बी असा गडी कसाले लिधा?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला पटलं नसतं. पोहता येतं म्हणून, असं तिला काय सांगणार.

दोन दिवसांनी असोद्याचा घरी आला. केळ्यांचा अख्खा घड सायकलच्या कॅरिअरला बांधून, एवढ्या उन्हात, गावाहून. दारातच उभा राहिला. "मले समजलंच नाही रे," म्हणाला. "आमच्याकडे पूजा झाली का समद्यायवर शिंपडता, तसंच वाटलं मले. घरी गेल्यावर आबाले सांगितलं, त आबा चूप बसले. तव्हा समजलं." आईने त्याला पाट दिला, भाकरी आणि ठेचा वाढला. तो खाली मान घालून जेवला, आणि परत मागून जेवला. मला त्याचा राग येत होता आणि तो माझा जिवलगही होता. दोन्ही एकदम असू शकतं.

जाताना त्याने मालकाचा निरोप सांगितला: नवीन पुस्तक कपाटात टाकलंय, जुनंच चालू, ये.

मी गेलो. जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. मला दुसरं होतं कुठे? मालकाने मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "तुझ्यासाठी आपण जुन्याच आवृत्तीत खेळणार." तुझ्यासाठी. आजवर ती खुर्ची माझ्या गड्याची होती, पुरात जीव धोक्यात घालून मिळवलेली. आता ती मालकाच्या मेहेरबानीची झाली. नवीन पुस्तक कपाटात होतं, पण आम्ही तिघांनीही ते ऐकलेलं होतं, आणि ऐकलेलं कपाटात टाकता येत नाही.

त्यानंतरचे रविवार मला नीट सांगता यायचे नाहीत, कारण त्यांत काही घडलंच नाही. पुजारी मंदिरासाठी पाणी मागेना. मी म्हटलं, यंदा मंदिराचा पाट बंद, तर म्हणाला, "बरं. तू म्हनतो त तसंच." सभेत मी मांडलेला प्रत्येक ठराव मंजूर. पहारेकरी मला सलाम ठोकायचे, व्यापारी फुकट माल द्यायचे. मी मुद्दाम एकदा गंमत म्हणून शहराच्या कोठाराला आग लावली. लगेच पाऊस आला. मालक इतका जपून बोलायचा की जणू मी तापातून उठलोय. कोणी भांडेना, कोणी शिवी देईना, खालून त्याची आई ओरडेना. कॉलेजातलं ते 'हां हां' जिना चढून वर आलं होतं. फरक इतकाच की इथे ते प्रेमाने म्हटलं जात होतं, आणि त्यामुळे त्याच्याशी भांडायची सोय नव्हती.

शेवटचा रविवार आला तेव्हा आम्ही शहरावरच्या जुन्या धरणाशी होतो. दगडी दरवाजा अडकलेला, मागे पाणी चढतंय. पुजारी आणि पहारेकरी वर बांधावर. मी म्हटलं, माझा गडी खाली जातो आणि दरवाजा मोकळा करतो. अवघड काम होतं, मोठा आकडा लागणार होता. मी फासा टाकला. तो घरंगळत मालकाच्या मांडीजवळ, पुस्तकाच्या आडोशाला गेला. मालकाने वाकून पाहिलं, चटकन उचलला आणि म्हणाला, "अठरा! दरवाजा उघडला. शहर वाचलं."

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो होतो, कूलरचा वारा लागावा म्हणून. मला फासा दिसला होता.

"दोन पडले," मी म्हटलं.

"अठरा होते."

"दोन होते. मी पाहिले."

तो लाल झाला. "जाऊ दे ना यार. शहर वाचतंय ना?"

"दोन पडल्यावर काय होतं ते सांग."

तो सांगेना. असोद्याचा मध्ये पडला, मी वरून मंत्र टाकतो, त्याले वाचवतो. मी म्हटलं, तू बांधावर आहेस, तुझा मंत्र तिथवर पोचत नाही, हे तुलाही माहीत आहे.  मी मालकाला पुन्हा म्हटलं, सांग. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही मारणार त्याला," तो म्हणाला. "तुझ्या गड्याला तर नाहीच."

"माझ्याच का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "याचा पहिला गडी तू विहिरीत पाडून मारलास. एक पडला होता, एक. तेव्हा तो किती रडला! तरी मारलास. मग माझाच का नाही मारत?"

 उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि ते बोलण्यासारखं नव्हतं.

मग मीच सांगायला लागलो. गोष्ट सांगणं मालकाचं काम, पण मी सांगितली. गडी खाली गेला. पाणी गार होतं, अंधार होता. त्याने दरवाज्याच्या फटीत खांदा घातला. दगड हलला, पण उलट्या बाजूला. दम त्याच्याकडे भरपूर होता, दमाचा प्रश्नच नव्हता. दरवाजा त्याच्या पाठीवर खाली आला आणि तो तिथेच मेला. पाणी बांधावरून गेलं. खालची पेठ बुडाली. मी त्याचं नाव घेऊन सांगितलं, हा मेला, असं. मग माझा कागद उचलून मधोमध फाडला, कारण मेलेल्या गड्याचा कागद आम्ही फाडतच असू.

 मग असोद्याचा एकदम ओरडला.

"तिथी एकटा कायले मरायले गेला व्हता? दोर बांधायचा नाही का कमरेले? आता त्या पेठेतल्या लोकायचं काय? अक्कल नाही तुले काडीची! पान्याचा एवढा मोठा मानूस झाला, आन मरन पाहा कसं गाढवासारखं!"

तो खरंच चिडला होता. त्याची शहरातली माणसं बुडाली होती आणि ती माझ्यामुळे बुडाली होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि मला फार बरं वाटलं. त्याने अजून शिव्या दिल्या असत्या तर मी त्याही बसून ऐकल्या असत्या.

 मालकाने मात्र मूठ उघडली नव्हती. फासा आत होता. आम्ही दोघे जिना उतरलो तरी तो तसाच बसून होता.